सात विहिरी

“मॅडम, माझा थिसिस अजून आहे ना तुमच्याकडे?”

२०२४ च्या श्रावणातली दुपार, चहा यायची वेळ. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम हेच. आवाज ओळखीचा वाटला, पण नाव आठवायला मला तिची पुढची दोन वाक्यं लागली. मी बडोद्याच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, आणि ही अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडून पीएच.डी. झालेली मुलगी. आता दुसऱ्या गावी शिकवते, तिच्याच हाताखाली दोन पोरं पीएच.डी. करतायत. थिसिस होता. नसायला काय झालं? मरून कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेलं पाकीट आणि पाकिटात सीडी. विषय होता गुजरातेतल्या छोटाउदेपूरच्या बाजूच्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड. ते जुने आकडे घेऊन तिने एक नवा लेख लिहिला होता आणि लेख तपासणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने अगदी शाळकरी प्रश्न विचारला होता. पद्धतीत म्हणता १४६ विहिरींचं पाणी घेतलं, तक्त्यात विहिरी १३९. सात कुठे गेल्या?

तिला आठवत नव्हतं.

“कारण होतं मॅडम, उगाच नाही टाकल्या,” एवढं ती तीनदा म्हणाली. तिचा तेव्हाचा लॅपटॉप केव्हाच भंगारात गेलेला, गाइड निवृत्त, प्रयोगशाळेतले संगणक दोनदा बदललेले. उरली सीडी. आमच्याकडच्या एकाही संगणकाला आता सीडी घालायची फट नाही. बाइंडिंगच्या खोलीत एक जुना सीपीयू होता, तो आमच्या शिपाईभाईंनी चालू केला, सीडी शर्टाच्या टोकाने पुसली, आत सरकवली. बराच वेळ नुसता घरघर आवाज. मग भाई म्हणाले, “बेन, आमां तो एक ज फाइल छे.” एकच फाइल, नाव ‘फायनल थिसिस न्यू टू’. उघडली तर समोर तोच थिसिस, पहिल्या पानापासून आभारांपर्यंत. पुस्तकाच्या पोटात पुस्तकाचाच फोटो. तिला सांगितलं तेव्हा पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “मला वाटलं होतं, लायब्ररीत दिलंय म्हणजे सगळं दिलंय.” आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी तिथेच दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

थिसिस जमा करून घेताना मी काय काय बघते, ते त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोजत होते. बांधणीचा रंग बरोबर आहे ना. पाठीवर वर्ष आहे ना. प्रमाणपत्रावर गाइडची सही निळ्या शाईची आहे ना, झेरॉक्स नाही ना. सीडीवर मार्करने नाव घातलंय ना. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या थिसिसांच्या ऑनलाइन कोठारात, चढवायच्या पीडीएफचे प्रकरणवार तुकडे केलेत ना. आणि उसनवारीच्या तपासणीचा दाखला. २०१८ च्या नियमानंतर दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे पोरांचे चेहरे पडतात, घासाघीस सुरू होते, “मॅडम, संदर्भ वगळून बघा ना,” अकरा टक्क्यांचे नऊ होईपर्यंत कोणी काउंटर सोडत नाही. म्हणजे दुसऱ्याचं वाक्य पुन्हा आलंय का, हे आम्ही मशिनीवर घालून तपासतो. हे काम दुसऱ्या कुणाला पुन्हा करून बघता येईल का, हा प्रश्न त्या काउंटरवर माझ्या तीस वर्षांत कोणी विचारलेला नाही. मीही नाही.

मराठीत याला ‘पुनरुत्पादनक्षम संशोधन’ म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा एका कार्यशाळेच्या पत्रिकेवर वाचला आणि मला पशुसंवर्धन खात्याची आठवण झाली. हसून पत्रिका बाजूला ठेवली होती. म्हणायचं एवढंच असतं की तुमचीच माहिती, तुमचीच रीत घेऊन तिसऱ्या माणसाने गणित मांडलं तर उत्तर तुमचंच यावं. ऐकायला किती साधं. २०१६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकाने १,५७६ संशोधकांना याबद्दल विचारलं, तेव्हा सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की दुसऱ्याचा प्रयोग करून बघायला गेलो आणि जमला नाही. त्याचं मला फार नवल वाटलं नाही, दुसऱ्याच्या हातचं आपल्याला कुठे जमतं. पण निम्म्याहून जास्त लोकांनी असंही कबूल केलं होतं की स्वतःचाच प्रयोग स्वतःला पुन्हा जमला नाही. त्या निम्म्यांत माझी ही मुलगीही बसते. तिने काही लपवलं नव्हतं, खोटं तर मुळीच लिहिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीची ती आणि आजची ती यांच्यात कागद राहिला नव्हता, एवढंच.

आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात शेजारी एक काका राहायचे, प्राच्यविद्या मंदिरातून, म्हणजे जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या संस्थेतून, निवृत्त झालेले. रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, चालू होती तेव्हा पोथ्या ताडून बघण्याच्या कामावर होते. १९६० ला बालकांड निघालं आणि १९७५ ला उत्तरकांड, म्हणजे आयुष्याची उमेदीची वर्षं माणसाने सात कांडांत घातलेली. त्यांच्याकडे बाद झालेल्या मोठमोठ्या तक्त्यांचा गठ्ठा होता. आम्ही वाड्यातली पोरं त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायचो. पुढच्या बाजूला चौकटीच चौकटी, सगळ्यांत वर श्लोकाचं एकेक अक्षर सुटं करून लिहिलेलं आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. पोथी वरच्यासारखीच असेल तिथे चौकट रिकामी, वेगळी असेल तिथे तेवढंच अक्षर. डाव्या कडेला पोथ्यांच्या खुणा, शारदा लिपीतलीला एक, मैथिलीला एक, बंगालीला एक, देवनागरीला एक आणि पुढे क्रमांक. मला तो भेंड्यांचा किंवा शब्दकोड्याचा प्रकार वाटायचा. एकदा विचारलं, “काका, खरा श्लोक कुठला ते तुम्ही ठरवलंत ना, मग बाकीचे कशाला छापायचे?” काका सुपारी कातरत होते. म्हणाले, “आपण जे टाकलं ते खाली मांडून ठेवायचं. उद्या कोणाला वाटलं आपण चुकलो, तर त्याला पुन्हा पोथ्या गोळा करत हिंडायला नको.”

पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताचं काम झालं, तिथे तर ज्या शब्दाची खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ छापली आहे. इथे आम्ही डळमळीत आहोत, असं छापील ग्रंथात, स्वतःहून. मी ग्रंथालयशास्त्र शिकायला लागल्यावर ती रेघ पहिल्यांदा पाहिली आणि काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, माहीतच होतं त्यांना. आता थिसिसचे तक्ते बघते तेव्हा मला ती रेघ कुठेच दिसत नाही. सगळ्या संख्या सारख्याच ताठ उभ्या.

अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला एकदा काउंटरवर उभ्या उभ्या राइनहार्ट आणि रोगॉफ यांची गोष्ट सांगितली होती. दोघेही मोठी माणसं. २०१० च्या त्यांच्या लेखात होतं की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की सरासरी वाढ शून्याच्याही खाली, उणे ०.१ टक्क्यावर येते. काटकसरीची बाजू घेणारे पुढारी हा आकडा घेऊन फिरले. मग मॅसॅच्युसेट्समधल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला वर्गातला गृहपाठ म्हणून हे गणित पुन्हा करायचं होतं, ते काही केल्या जुळेना. त्याने त्यांच्याकडे एक्सेलची फाइल मागितली, त्यांनी दिली. २०१३ मध्ये जगाला कळलं की सरासरीच्या सूत्रात शेवटच्या ओळी धरल्याच नव्हत्या आणि पाच देश बाहेर राहिले होते. काही देशांची काही वर्षंही वगळलेली होती आणि सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचं, ती रीतही वादाची होती. सगळं धरून हिशेब केला तर उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. प्राध्यापक हे सांगून खूप हसले. मला मात्र त्यातली एक गोष्ट अजून टोचते. त्यांची चूक सापडली, कारण त्यांनी फाइल दिली. ज्यांनी कधी दिलीच नाही, ते सगळे आजही बिनचूकच आहेत.

आणि एक्सेलचं म्हणाल तर त्याचा मला वैयक्तिक राग आहे. कपाट तीन, खण बारा हे मी ३-१२ असं टंकलं की ते त्याचं ३ डिसेंबर करतं. जीवशास्त्रवाल्यांच्या तर जीनांची, म्हणजे जनुकांची, नावंच तारखा होऊन बसायची. सेप्ट-२ नावाचा जीन २ सप्टेंबर होतो, मार्च-१ चा १ मार्च. २०१६ मध्ये कोणीतरी मोजलं तर एक्सेलमध्ये जीनांच्या याद्या जोडलेल्या लेखांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात ही घाण सापडली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जीनांचीच नावं बदलली. सून ऐकत नाही म्हणून सासूनेच घर बदलावं तसं.

त्या फोननंतर दोनच आठवड्यांनी सातम-आठमचा, म्हणजे जन्माष्टमीच्या सुमाराचा, पाऊस आला. विश्वामित्री नदी आमच्या शहरात आली, म्हणजे शब्दशः आली, मगरींसकट. समा भागात तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका मुलाच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर तो आला तो ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन. मी विचारलं, दुसरीकडे कुठे काढून ठेवलं होतंस का? म्हणाला, होतं ना मॅडम, हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क कुठाय? लॅपटॉपच्याच बॅगेत. पिशवीला नदीच्या गाळाचा तो वास येत होता, घराघरांतून पुढे महिनाभर गेला नाही तो. दीड वर्षाचं काम. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

मग मी शनिवारची बैठक सुरू केली. कोणी सांगितलं नव्हतं, परवानगीच्या कागदावर ‘वाचक मार्गदर्शन’ असं सोवळं नाव घातलं. पहिल्या शनिवारी तिघं आली, त्यातला एक एसीसाठी. मी काही संशोधक नाही, संख्याशास्त्र मला येत नाही, हे आधीच सांगून टाकलं. मला येतं ते एवढंच की वस्तू कुठे ठेवायची, तिला काय नाव द्यायचं, आणि वीस वर्षांनी अनोळखी माणसाला ती कशी सापडेल. फायनल, न्यू फायनल, सरांचं करेक्शन फायनल असली नावं बंद करायची. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फायली आपसूक रांगेत लागतात. मूळ माहितीची एक प्रत कुलूपबंद, तिला हात लावायचा नाही, झाडलोट करायची ती नकलेवर. रकान्याच्या डोक्यावर एकक लिहायचं, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम. फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅम, तिथे एकक चुकलं तर गावच्या गाव एक तर विषारी ठरतं नाही तर निर्धोक. सोबत ‘आधी हे वाचा’ नावाची एक साधी फाइल, तिच्यात कोणता रकाना कशाचा, कोणतं सॉफ्टवेअर, त्याची कितवी आवृत्ती. आणि काकांचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं, त्यांचं नाव न घालता: जे टाकलं ते मांडून ठेवा. कितवा नमुना, का टाकला, कोणी ठरवलं, कधी. काम झालं की सगळं झेनोडोवर चढवायचं. ते सर्न या अणुसंशोधन संस्थेचं फुकटचं कोठार आहे, तिथे कायमचा क्रमांक मिळतो आणि तोच थिसिसमध्ये घालायचा.

यात नवं काही नाही, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. आमची दाखल नोंदवही काय वेगळं करते? प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक, तो जन्माला एकदाच. पुस्तक हरवलं, वाळवीने खाल्लं, तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. ओळ खोडायची ती लाल शाईने, खालचं वाचता येईल अशी एकच रेघ, शेऱ्यात कारण, तारीख, सही. पांढरी शाई लावली तर माझ्या पहिल्या साहेबांनी हातावर मारलं असतं. संगणकवाली पोरं गिट नावाचं काहीतरी वापरतात, प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला ते त्यात राहतं. मी म्हटलं, ही तर दाखल नोंदवही. त्यांना माझं कौतुक वाटलं की कीव आली, ते कळलं नाही. मात्र हे शास्त्र आम्ही शंभर वर्षं फक्त पुस्तकांना लावलं. १९१० मध्ये सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या ग्रंथपालसाहेबांना अमेरिकेतून आणलं, गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या, आम्ही त्या पुण्याईवर अजून जेवतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लहानपणी आजोबांबरोबर जायचे तेव्हा पुस्तकांच्या मजल्यांची ती काचेची जमीन बघून हरखायचे. डोक्यावर कोणाची तरी पावलं सावलीसारखी सरकताना दिसायची. कोणीतरी चालतंय एवढं कळायचं, कोण आणि कुठे ते नाही.

सगळं गोड चाललंय असं मात्र नाही. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, “तुम्ही पोरांना डेटा उघड्यावर टाकायला शिकवताय. उद्या कोणी उचलून आधी छापला तर तुम्ही येणार का भांडायला?” त्यांचं अगदीच चूक नाही. गृहविज्ञानाच्या एका मुलीने तर माझं ऐकून पूर्ण तक्ता चढवायची तयारी केली होती, त्यात बायांची नावं, वस्ती, कोणाला किती वेळा गर्भपात झाला, सगळं. नशिबाने आदल्या दिवशी मला दाखवलं. माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर ‘ठेवायचं’ आणि ‘उघडं ठेवायचं’ या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या दिवशी शिकवते. आणि काही वेळा वाटतं, हे माझं काम आहे का? पगार तोच, माणसं कमी झाली, वर्तमानपत्रांची पिशवी रोज आहेच.

शिवाय माझं स्वतःचं काय? शनिवारी एका पोराने निरागसपणे विचारलं की ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात २०१७ ला रोजचे वाचक ३४० आणि २०१८ ला २१५, हे कसं? मी जुनी फाइल काढली. २०१७ चा आकडा माझ्याच अक्षरात, पुढे काही नाही. फाटकावरच्या वहीतून काढला, का वर्तमानपत्रवाचकांसकट धरला, का साहेबांना बरा वाटावा म्हणून हात सैल सोडला, खरंच आठवेना. “काहीतरी कारण होतं,” मी म्हणाले. आणि म्हणताना कानावर तीच चाल आली, तीच, श्रावणातल्या फोनवरची.

दिवाळीनंतर तिचा पुन्हा फोन. माहेरी माळा साफ करताना तिच्या आईला एक डायरी सापडली होती, पाणी गोळा करत फिरत होती तेव्हाची. पाच विहिरी सापडल्या. दोन बाटल्या जीपमध्ये फुटल्या. एकीचं लेबल भिजून गेलं. एका विहिरीत नमुना घेण्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीने औषध टाकलं होतं. आणि एक विहीर दोनदा मोजली गेली होती, वेगवेगळ्या फळियांतल्या, म्हणजे वस्त्यांतल्या, लोकांनी तिला वेगवेगळी नावं सांगितली म्हणून. उरलेल्या दोन काही केल्या निघेनात. तसंच लिहून तिने लेख परत पाठवला. “हसतील का हो मॅडम?” तिने विचारलं. मी म्हटलं, त्या पानांचे फोटो पाठव, बाकी बघू.

फोटो आले. कोपऱ्यात चहाचा डाग, पेन्सिलीचं अक्षर, एका पानावर बसच्या वेळा. भाईंनी दाखल नोंदवही उघडली आणि रकाने बघून थबकले. “बेन, किंमत शुं लखुं?” मी म्हटलं, आडवी रेघ मारा. मग वही माझ्याकडे ओढून घेतली आणि थिसिसच्या मूळ ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने लिहिलं: सीडीत फक्त पीडीएफ. विहिरी १४६, तक्त्यात १३९. पाच विहिरींचं कारण डायरीत, नक्कल सोबत दाखल. दोन विहिरींचं कारण नोंदलेलं नाही. खाली तारीख घातली आणि सही केली.